कोंडाईच्या अंगणातल्या साळुंक्या

एका राज्यात पक्षी प्रश्न विचारीत आणि माणसे विचारीत नसत. तरला परत आली तेव्हा तिला हे ठाऊक नव्हते.

तिची अपेक्षा निराळी होती. अगदी लहानपणापासून ती सात नद्यांपलीकडच्या विद्यापीठात वाढली होती. वनस्पतींचे गुण शिकली, ताऱ्यांच्या वाटा शिकली, माणसाच्या शरीराची आतली रचना शिकली. निरोप घेताना तिने गुरूंसमोर हात जोडून सांगितले होते, "मी माझ्या राज्यात जाईन. तिथल्या मुलांचा एकही प्रश्न रिकाम्या हाताने परत पाठवणार नाही." वाटभर ती उत्तरांची उजळणी करीत आली. वेशीत पाऊल टाकताच मुलांचा गराडा पडेल, कोणी पदर ओढील, कोणी बोट ओढील आणि आपली तारांबळ उडेल, असे तिला वाटले होते.

वेशीत मुले होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले. एक म्हणाले, "पाहुणी आली." दुसरे म्हणाले, "पेटी जड दिसते." मग ती पुन्हा गोट्यांकडे वळली. पेटीत काय आहे, हे कोणी विचारले नाही. कडुलिंबावर बसलेली एक साळुंकी मात्र मान वाकडी करून म्हणाली, "बाळ कुठून येतं?" आणि डोंगराकडे उडून गेली.

असे ते राज्य होते. शेजारीण शेजारणीला म्हणे, "तू जेवली असशील," आणि ती जेवली नसेल तर उपाशीच राही. राजा दरबारात बसे, प्रधान सांगे ते ऐके आणि मान हलवी.

याचे कारण डोंगरावर राहत होते.

फार पूर्वी एका लेकराने आईला विचारले होते, मी कुठून आलो? आई लाजली. हातात सूप होते, सुपात कोंडा होता, आणि खिडकीतून डोंगर दिसत होता. डोंगरावर एक जादूगारीण एकटी राहत असे. आई म्हणाली, "तुला त्या बाईकडून घेतला, सूपभर कोंडा देऊन." हे उत्तर शेजारणीला आवडले, मग तिच्या शेजारणीला. बघता बघता सगळे राज्य हेच सांगू लागले, आणि त्या बाईचे नाव कोंडाई पडले.

मग मुले डोंगर चढू लागली. आई रागावली की मूल मूठभर कोंडा घेऊन कोंडाईच्या दारात उभे राही आणि म्हणे, मला परत घे. नाहीतर म्हणे, माझी खरी आई दाखव. कोंडाईला मूलबाळ नव्हते. ती त्यांना भाकरी खाऊ घाली, डोळे पुशी, आणि दिवस मावळायच्या आत घरी धाडी. कोणा आईबापाने वर येऊन तिचे आभार मानले नाहीत. ती बाजारात उतरली की बायका मुलांना पदराआड घेत आणि म्हणत, ही बघ, पोरे विकणारी.

एके दिवशी तिला ते सोसवेना. ती बाजाराच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या नावाने खोटे सांगता. आता ज्याला खोटे सांगाल, त्याचा प्रश्न माझ्या झाडावर येईल. तुमच्या घरात प्रश्न उरणार नाही."

तेव्हापासून ज्या मुलाला ते उत्तर मिळे, त्याच्या तोंडून एक साळुंकी निघे आणि डोंगरावरच्या उंबरावर जाऊन बसे. ते मूल पुढे जन्मभर काही विचारीत नसे. आणि जे मूल कोंडा घेऊन स्वतः कोंडाईचा उंबरठा चढे, त्याचे पाय उत्तर मिळेपर्यंत तिथून हलत नसत. सूर्य मावळला की तेही साळुंकी होई. शाप कोंडाईचा होता, पण तोंडातून गेल्यावर तो तिचे ऐकेना.

तरलेचा प्रश्न तेवढा तिच्यापाशी राहिला होता. तिची आई सुईण होती. लहानग्या तरलेने विचारले तेव्हा आईने भाकरी थापता थापता खरे ते सांगून टाकले होते, आणि वर म्हणाली होती, "आता जरा पाणी आण." अशी विचारणारी पोर गावात नांदेना, म्हणून आईने तिला तांड्याबरोबर सात नद्यांपलीकडे शिकायला पाठवले. आई आता नव्हती. तरला रोज सकाळी मनातल्या मनात तिला नमस्कार करी.

राजवाड्यात तरलेला राजकन्येला सांभाळणाऱ्या दाईची जागा मिळाली. राजवाड्याचा कारभार राजाच्या आत्याच्या हाती होता. तिला सारे आत्यासाहेब म्हणत. ताठ कण्याची, पांढऱ्या केसांची, कमी बोलणारी बाई. तिने एकच अट घातली. "राणीसाहेबांना दिवस गेले आहेत. राजकन्येपुढे त्याविषयी एक अक्षर काढायचे नाही." तरलेला ती अट रुचली नाही, पण तिने मान हलवली. आधी आत शिरू, मग बदलू, असा तिचा हिशोब होता.

राजकन्येचे नाव कुंजा. समोरचे दात पडलेले, गुडघे खरचटलेले. तिला अजून कोणी खोटे सांगितले नव्हते, म्हणून राजवाड्यात एकटी तीच विचारीत असे. मुंगीला झोप येते का? सावलीला भूक लागते का? तुझी वेणी तू मागे न बघता कशी घालतेस? तरलेला तिचा इतका आनंद झाला की पहिल्या दिवशी तिने त्या पोरीचे दोन्ही हात कपाळाला लावले. कुंजा म्हणाली, "मी देव आहे का?" तरला म्हणाली, "नाही. पण तू मला उपयोगाची केलीस."

पण विद्यापीठातून आलेल्या माणसाला एका मुलीचे प्रश्न किती पुरणार? बाकीच्या राज्याला तिची गरज वाटत नव्हती. महिन्याअखेरीस तांडा परत निघणार होता. तरलेने नायकाला सांगून ठेवले, माझी पेटी एका बैलावर घ्या.

मग एक घटना घडली. गजशाळेतला म्हातारा हत्ती आजारी पडला. माहूत त्याच्या सोंडेवरून हात फिरवीत म्हणाला, "याचे दिवस भरले." संध्याकाळी हत्ती खाली बसला तो पुन्हा उठला नाही. कुंजाने त्याच्या अंगावर फुले ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती तरलेकडे आली. तिचा चेहरा उतरला होता.

"दाई, आईला दिवस गेले म्हणतात. कुठे गेले?"

तरलेपाशी या प्रश्नाचे उत्तर होते. सात नद्या ओलांडून ते तिने आणले होते. पण दारात आत्यासाहेब उभ्या होत्या. तरला म्हणाली, "ते तुमच्या आत्याआजींना विचारा."

कुंजाने आत्याआजीला विचारले. आत्यासाहेबांनी जे ऐकले होते तेच सांगितले. बाळ कोंडाईकडून आणतात, सूपभर कोंडा देऊन. कुंजाच्या तोंडून एक साळुंकी निघाली, खिडकीतून बाहेर पडली आणि डोंगराकडे गेली. आत्यासाहेबांनी खिडकी लावली आणि दासीला सांगितले, सुईणीला बोलाव, राणीसाहेबांचे दिवस भरले. कुंजा तिथेच उभी होती.

दुपारी राणीला कळा सुरू झाल्या. बाजेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, "कुंजा दिसत नाही." साऱ्या दालनांत शोधले. कुंजा नव्हती. मुदपाकखान्यातले एक सूप नव्हते. आणि मुदपाकखान्यापासून मागच्या दारापर्यंत, दारापासून डोंगराच्या पायवाटेपर्यंत कोंड्याची बारीक रेघ सांडली होती.

आत्यासाहेब त्या रेघेकडे पाहत राहिल्या. "मी सांगितले," त्या म्हणाल्या. "मला सांगितले होते तसे सांगितले." त्यांचे ओठ आणखी काहीतरी म्हणू पाहत होते, पण ते प्रश्नाच्या वळणाचे होते, म्हणून निघेना.

तरला म्हणाली, "सूर्य मावळायच्या आत मी तिला घेऊन येते. सुईणीला राणीसाहेबांजवळून हलू देऊ नका." आणि ती धावली.

वाटेत ओढा होता, तो तिने ओलांडला. काटेरी झुडपे होती, त्यांत तिचा पदर फाटला. खडक होते, त्यांवर तिची पायताणे तुटली. उन्हे कलली तेव्हा ती वर पोचली. अंगणात उंबराचे झाड होते, आणि त्यावर पानांपेक्षा साळुंक्या अधिक होत्या. झाडाखाली सोन्याचा ढीग होता. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी आणलेला कोंडा तिथे साठून सोन्याचा झाला होता. कोणी चोरून नेला की खाली उतरेपर्यंत त्याचा पुन्हा कोंडा होई. उंबरठ्यावर कुंजा बसली होती. मांडीवर सूप. शेजारी भाकरी तशीच. आणि तिच्यासमोर एक म्हातारी बसून तिचे डोळे पुशीत होती.

तरलेने आधी म्हातारीच्या पायांना हात लावला.

"बाई, मुलांना इतकी वर्षे खाऊ घातलेत. आमच्या गावाने आभार मानले नाहीत. मी मानते." मग तिने विचारले, "तुमचे नाव काय?"

एवढ्या वर्षांत म्हातारीला हे कोणी विचारले नव्हते.

"सगुणा," ती म्हणाली. "पोरी, ही लेक जात नाही. मी म्हटले, ऊठ बाळ, घरी जा. पण तिचे पाय उठत नाहीत. तिची साळुंकी ती बघ, तिसऱ्या फांदीवर. तीन प्रश्न विचारील. खरे सांगितलेस आणि पोरीला कळले, तर एक फांदी खाली येईल. खरे सांगून कळले नाही, तर जागची हलणार नाही, आणि सूर्य काही थांबायचा नाही. खोटे सांगितलेस तर उडून जाईल, ती कायमची."

साळुंकीने मान वाकडी केली. "बाळ कुठे असतं?"

तरलेने श्वास घेतला आणि शिकल्याप्रमाणे सांगू लागली. कटिप्रदेशाच्या मध्यभागी, स्नायूंनी वेष्टिलेला, अधोमुख असा एक अवयव. साळुंकी तशीच बसली. कुंजा तशीच पाहत राहिली. सूर्य हातभर खाली गेला. सगुणाबाई म्हणाल्या, "मलासुद्धा कळले नाही, पोरी."

तेव्हा तरलेला आईची भाकरी आठवली. ती कुंजासमोर जमिनीवर बसली.

"आईच्या पोटात एक पिशवी असते. जेवण जाते ती नव्हे. वेगळी, फक्त बाळासाठी. तिला गर्भाशय म्हणतात. बाळ तिथे असते. ते कोणाकडून आणत नाहीत. तूही तिथेच होतीस."

"कोंडाईकडे नव्हते," कुंजा हळूच म्हणाली.

"नाही. या बाईंकडे कोणतेच मूल कधी नव्हते."

सगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. साळुंकी दुसऱ्या फांदीवर उतरली.

"आत गेलं कसं?" साळुंकीने विचारले.

तरलेचे कान तापले. विद्यापीठात हे पाठ म्हणताना ते कधी तापले नव्हते. लहानपणी ऐकलेली राजाराणीची गोष्ट तिच्या ओठावर आली. "एका साधूने राजाला एक मंतरलेला आंबा दिला…" साळुंकीने पंख पसरले. तरलेने जीभ चावली.

"नाही. आंबा नाही. ऐक. आईच्या शरीरात एक अगदी लहान बीज असते. बाबांच्या शरीरात एक असते. एकट्या बीजाचे बाळ होत नाही. मोठी माणसे एकमेकांच्या अगदी जवळ येतात, तेव्हा बाबांचे बीज आईच्या पोटात जाते आणि दोन्ही मिळून एक होतात. तिथून बाळ वाढू लागते. हे मोठ्या माणसांचे काम आहे, लहान मुलांचे नव्हे. आणि यात लाजण्यासारखे काही नाही, जरी माझे कान लाल झालेले तुला दिसत असले तरी."

कुंजाने तिच्या कानांकडे पाहिले. "खूप लाल आहेत," ती म्हणाली. साळुंकीने पंख मिटले आणि ती पहिल्या फांदीवर आली.

सूर्य डोंगराच्या कडेला टेकला होता. साळुंकीने तिसरा प्रश्न विचारला. "बाहेर कसं येतं?"

हे तरलेला सोपे वाटले. तिने सांगितले की आईच्या दोन पायांच्या मध्ये बाळाला येण्याची एक वाट असते, शू करायच्या जागेहून वेगळी. बाळाची वेळ झाली की ती वाट रुंद होते. आईला दुखते, ती ओरडतेही, आणि सुईण बाळाला हातांवर घेते. सारे खरे होते, सारे सोपे होते.

साळुंकी हलली नाही.

तरलेने पुन्हा सांगितले. साळुंकी हलली नाही. सगुणाबाई मावळतीकडे पाहू लागल्या. तरलेपाशी आता प्रश्न तेवढा उरला होता. तिने कुंजाच्या मांडीवरच्या सुपाकडे पाहिले. कोंड्याच्या मधोमध बोटाने रेघ ओढलेली होती.

"कुंजा, हे दोन वाटे कशाचे?"

"एक बाळाचा," कुंजा म्हणाली. "एक आईच्या दिवसांचा."

"कोणत्या दिवसांचा?"

"आईचे दिवस गेले. मग भरले. हत्तीचे पण भरले होते." तिचा आवाज फाटला. "मी कोंडा देते. बाळ नको. आईचे दिवस परत द्या."

तेव्हा तरलेला सारे समजले. तिने सूप बाजूला ठेवले आणि कुंजाला जवळ घेतले.

"आपण मोठी माणसे एकच शब्द दोन जागी वापरतो, आणि तुम्हाला सांगत नाही. हत्तीचे दिवस भरले म्हणजे त्याचे जगण्याचे दिवस संपले. आईला दिवस गेले म्हणजे तिच्या पोटात बाळ आले. तिचे दिवस भरले म्हणजे बाळ वाढायला जेवढे दिवस लागतात तेवढे पुरे झाले. दूध विरजून दही लागते, तसे. आईचे दिवस कोणी नेले नाहीत."

साळुंकी फांदीवरून पुढे वाकली, पण उतरली नाही. तिसऱ्या प्रश्नाच्या आत दडलेला प्रश्न ती चोचीतून हळूच म्हणाली, "आई मरणार नाही ना?"

नाही, असे म्हणणे किती सोपे होते. तरलेच्या तोंडात तो शब्द तयार होता, आणि पोरीचे डोळे तोच मागत होते. सूर्याची एक कोर उरली होती.

"मला ठाऊक नाही," तरला म्हणाली. "बाळ झाल्यावर बहुतेक आया बऱ्या होतात. तुझी आई धडधाकट आहे. सुईण जाणती आहे. मला वाटते ती बरी राहील. पण वचन देता येत नाही, म्हणून देत नाही. एवढे वचन देते, की काय होते ते आपण दोघी मिळून पाहू, आणि मी तुझा हात सोडणार नाही."

मग साळुंकी उतरली. कुंजाच्या खांद्यावर बसली, तिच्या ओठांशी आली आणि नाहीशी झाली.

कुंजाने नाक पुसले. तिने खाली राजवाड्याकडे पाहिले, सूर्याकडे पाहिले, दोघी बायांकडे पाहिले.

"मग आपण इथे का बसलोय?" ती म्हणाली.

त्या प्रश्नासरशी शाप तुटला. झाडावरचे थवेच्या थवे उठले आणि खाली राज्याकडे निघाले. जी मुलेच साळुंक्या झाली होती, ती पुन्हा मुले होऊन फांद्यांवरून उतरली आणि घराकडे धावली. झाडाखालचे सोने पुन्हा कोंडा झाले. सगुणाबाई म्हणाल्या, बरे झाले, गाईला घालता येईल. कुंजाने त्यांचे बोट धरले आणि सोडलेच नाही, तेव्हा त्याही डोंगर उतरल्या.

राजवाड्यात शिरताना बाळाचे रडणे ऐकू आले. राणी थकलेली होती, घामेजलेली होती, जिवंत होती. कुंजाने आधी आईच्या नाकासमोर हात धरून श्वास तपासला, मग बाळाकडे पाहून विचारले, "हा इतका सुरकुतलेला का आहे?" राणी हसली आणि हसता हसता रडली. सगुणाबाई दारातच थांबल्या होत्या. राणीने बाजेवरूनच हात जोडले. "आई," ती म्हणाली, "लहानपणी एकदा मीही तुमच्या अंगणापर्यंत आले होते, उंबरठा मात्र चढले नाही. तुम्ही गूळ-भाकरी दिली होती. आज लेकीलाही सांभाळलेत. आत याल का?"

लहानपणी साळुंकी उडून गेल्यापासून तो राणीचा पहिलाच प्रश्न होता.

त्या संध्याकाळी घराघरांतून आवाज येऊ लागले. जेवलीस का? दुखते का? रडतोस का? राजाने प्रधानाला विचारले, "माझे सिंहासन डुगडुगते, हे मला कोणी का सांगत नाही?" प्रधान म्हणाला, "महाराज, आपण कधी विचारले नाही." सिंहासनाच्या पायाखाली एक चपटा दगड लावण्यात आला.

सकाळी तांडा वेशीत उभा राहिला. तरलेची पेटी बैलावर बांधून झाली होती. राज्यात आता प्रश्न होते आणि उत्तरे द्यायला आया होत्या. आपले काम झाले, असे ती स्वतःला सांगत होती. इतक्यात आत्यासाहेब आल्या. पालखी नाही, दासी नाही. केसही नीट विंचरलेले नव्हते.

"माझी साळुंकी आली नाही," त्या म्हणाल्या.

तरला थांबली.

"सगळ्यांच्या आल्या नाहीत," आत्यासाहेब सांगू लागल्या. "म्हाताऱ्यांच्या वरच राहिल्या. त्यांना आमचे चेहरे ओळखू येत नाहीत. रात्रभर माझ्या ओठाशी काही येत होते आणि परत जात होते." त्यांनी डोंगराकडे पाहिले. "ती गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला मूल झाले नाही. का, ते कोणाला विचारता आले नाही, आणि तेव्हा मी विचारले तरी काय होते ते मला आठवत नाही. माझ्याने डोंगर चढवणार नाही."

तरलेने उंबराकडे पाहिले. सकाळच्या उजेडात त्यावर अजूनही काही करडे ठिपके बसलेले दिसत होते. सात नद्यांपलीकडे मुलांसाठी शिकून आलेली उत्तरे पेटीत होती. ही उत्तरे वाट पाहत म्हाताऱ्या झालेल्या मुलांना चालतील का, हे तिला ठाऊक नव्हते. ठाऊक नाही असे म्हणायला ती कालच शिकली होती.

तिने नायकाला हाक मारून पेटी उतरवून घेतली आणि सांगितले, गुरूंना माझा नमस्कार कळवा, आणि सांगा, तरला येणार नाही. मग तिने आत्यासाहेबांपुढे हात केला.

"हळूहळू चढू," ती म्हणाली. "तुमची आधी शोधू. भाकरी बरोबर घेतली आहे का?"